पालखी वळवणाऱ्या बाई

कोणतीही वस्तू फिरवायची, तर ती कशाभोवती फिरणार हे आधी ठरल्याशिवाय आमच्या शाळेतल्या संगणकाच्या बाई तिला कोणाला हात लावू देत नसत. शिक्षकांच्या खोलीतले जड टेबल एकदा दाराबाहेर काढायचे होते. बाईंनी शिपायाला अडवून विचारले, "खिळा कुठं ठेवलायस?" शिपाई गोंधळून टेबलाखाली वाकला. तेव्हा बाईंनी टेबलाच्या एका पायाशी आपली चप्पल टेकवली आणि म्हणाल्या, "हा पाय हलणार नाही. बाकीचे तीन याच्याभोवती येतील. आता ओढ." टेबल चौकटीला न घासता बाहेर पडले. शिपाई जाता जाता माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "गुर्जी, बाय येडी नाय, पन वागते तशी." मी हसलो. याच एका प्रश्नाने पुढे एका गावाची अडलेली पालखी उठेल, असे तेव्हा मला कोणी सांगितले असते तरी मी हसलोच असतो.

महाडच्या त्या शाळेत मी संस्कृत शिकवत असे. माझ्या वर्गात मुले मोजकी, बाईंच्या वर्गात बाकांवर मावेनाशी. परंतु शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या आणि तो योग मी माझ्या भाग्याचा मानतो. बाई महाडच्याच. वडिलांच्या मालमोटारी औद्योगिक वसाहतीतला माल वाहत, दोघे भाऊ आखातात गेलेले. बाईंनी तरुणपणी मुंबईत राहून चित्रांच्या आज्ञावल्या लिहिल्या होत्या. संगणकावरच्या खेळांतली माणसे, गाड्या, पक्षी त्यांनी लिहिलेल्या आज्ञेबरहुकूम पडद्यावर वळत. पुढे आईचे दुखणे वाढले, तेव्हा ते काम सोडून त्या गावी आल्या आणि शाळेत रुजू झाल्या. डोक्यावर दुपट्टा, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत टाचण्यांची डबी, तळहाताएवढा आरसा आणि लिमलेटच्या गोळ्या. त्यांचे सारे अध्यापन या सामग्रीवर चाले.

टाचणी असे ती चित्र फिरवण्याच्या धड्यासाठी. एका मुलाने संगणकावर होडीचे चित्र काढले आणि ते फिरवण्याची आज्ञा दिली, तर होडी पडद्यावरून नाहीशीच झाली. मी त्या वेळी काही कामासाठी वर्गात गेलो होतो.

"मॅडम, माझी होडी बुडली."

"बुडली नाय रे. किनाऱ्याबाहेर गेली."

बाईंनी कागदाची होडी कापली, फळ्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात टाचणी रोवली आणि होडीला दोरा बांधून त्याचे दुसरे टोक त्या टाचणीला अडकवले. मग होडी दोऱ्यासकट फिरवली. ती थेट फळा सोडून भिंतीवर गेली.

"संगणकाला तू काही सांगितलं नाहीस, तर तो खिळा कोपऱ्यात धरतो. पडद्याची मोजणी तिथूनच सुरू होते ना? त्याचं काही चुकलं नाही. तू सांगितलं नाहीस. आधी होडी खिळ्यावर आण. मग फिरव. मग होती तिथं नेऊन ठेव. या तीन पायऱ्या. त्यांची उलटापालट केलीस तर होडी पुन्हा भिंतीवर."

मी दारात थबकलो. आवाहन, पूजन आणि विसर्जन हा क्रम मी लहानपणापासून पाळत आलो होतो. देवता आधी समोर यावी, मग उपचार व्हावेत, मग तिला स्वस्थानी पोचवावे. आवाहनाच्या आधी विसर्जन करता येत नाही. क्रम हाच विधीचा प्राण आहे, हे मी अनेकांना सांगितले होते. परंतु कागदी होडी आणि टाचणी यांच्या साहाय्याने ते इतके स्पष्ट करून सांगणारे मला दुसरे कोणी भेटले नव्हते.

एके दिवशी मधल्या सुट्टीत डबा उघडण्याआधीच त्यांनी मला विचारले, "गुरुजी, तुमची प्रदक्षिणा कुठल्या दिशेनं?"

"देव उजव्या हाताला राहील अशी. घड्याळाचे काटे फिरतात त्या दिशेने."

"मग संगणक तुमच्या बाजूचा आहे."

त्यांनी मला समजावले ते असे. गणिताच्या वहीत कोन वाढतो तो घड्याळाच्या उलट दिशेने, कारण वहीत वर जाणे म्हणजे वाढणे. पडद्यावर मात्र मोजणी वरून खाली येते. खाली जाणे म्हणजे वाढणे. त्यामुळे तोच कोन तिथे घड्याळाच्या दिशेने, अर्थात प्रदक्षिणेच्या दिशेने फिरतो.

"आणि आमचा तवाफ बघा," त्या म्हणाल्या. "काबा डाव्या हाताला ठेवून फिरायचं. म्हणजे वहीत माझा कोन, पडद्यावर तुमचा."

"मग बरोबर कोण?"

"खिळा तर कोणीच हलवला नाही, गुरुजी. जेवा आता."

आरसा ही त्यांच्या पिशवीतली दुसरी वस्तू. चित्र फिरवणे आणि चित्र उलटवणे यांत मुले घोटाळा करत. बाई एका मुलाला उभे करून त्याला उजवा हात वर करायला लावत. मग त्याला गर्रकन वळायला सांगत. वर केलेला हात उजवाच राही. नंतर त्याच्यासमोर आरसा धरत. आरशातल्या मुलाचा डावा हात वर असे. "वळणारा माणूस आपला उजवा हात सोबत घेऊन वळतो," त्या म्हणत. "आरशातला माणूस हातांची अदलाबदल करतो. उलटवण्याची आज्ञा सोपी आहे, एका आकड्याआधी वजाचं चिन्ह लावलं की काम झालं. म्हणूनच ती जपून वापरायची. सोपं असतं ते हात चटकन घेतो."

आणि गोळ्या. जो कोणी बाईंची चूक दाखवून देईल, त्याला तत्काळ एक लिमलेटची गोळी मिळे, मग तो कोणीही असो. शाळातपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांसमोर मुख्याध्यापकांनी बाईंच्या वेळापत्रकातली एक चूक जरा जरबेने दाखवली, तर बाईंनी पिशवी उघडून त्यांच्याही हातावर गोळी ठेवली. मुख्याध्यापक ती हातात धरून बराच वेळ उभे होते.

आता ज्या प्रसंगामुळे हे सारे लिहावेसे वाटले, त्याकडे वळतो.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगराच्या उतारावर एक गाव आहे. त्याची वरची वाडी आणि खालची वाडी अशा दोन वस्त्या. ग्रामदेवता दोघींची एकच. शिमग्याला आईची पालखी निघते. पुढच्या दांड्याच्या उजव्या अंगाला वरच्या वाडीचा मानकरी तांबडा फेटा बांधून उभा राहतो, डाव्या अंगाला खालच्या वाडीचा पिवळा फेटा बांधून. एका शिमग्याला वळणावर गर्दी झाली, खांदे बदलताना बाजूंची अदलाबदल झाली आणि ती चुकून झाली की मुद्दाम, यावरून दोन्ही वाड्यांत असे फाटले की पालखी उठेनाशी झाली. आई सहाणेवर, म्हणजे पालखी विसावण्याच्या चौथऱ्यावर, बसून राही. एक वाडी सकाळी ओटी भरे, दुसरी दुपारी.

नवरात्रातल्या पाठासाठी मी त्या गावी वर्षानुवर्षे जात असे. दोन्ही वाड्या माझ्या पाया पडत आणि एकमेकांकडे पाहत नसत, हे मला सलत होते. पुष्कळ खेपा घालून, पुष्कळ घरी बसून अखेर समेट झाला. तांबडा फेटा उजवीकडे, पिवळा डावीकडे, दोघांनी आईसमोर नारळावर हात ठेवून मान्य केले. येत्या शिमग्याला पालखी निघणार, असे ठरले.

गावातले निम्मे घरदार मुंबईला. ज्यांना सुटी नाही त्यांना पालखी कोठे पोचली हे फोनवर दिसावे, अशी तरुणांची इच्छा होती. त्यांतले काही बाईंचे जुने विद्यार्थी. त्यांनी बाईंना गळ घातली. पडद्यावर गावाचा नकाशा, त्यावर पालखीचे लहानसे चित्र; पालखीबरोबर चालणारा मुलगा आपल्या फोनवरून ठिकाण कळवत राहील आणि चित्र त्याप्रमाणे वाटेने सरकेल, वळेल. देवळापुढे पांढरा पडदा लावून गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही ते दाखवायचे होते.

शिमग्याआधीच्या रविवारी चाचणी ठेवली. मी बाईंबरोबर गेलो होतो. सगळे गाव पडद्यापुढे बसले; वरची वाडी एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला, मध्ये एक सतरंजी रिकामी. वरच्या वाडीचे वृद्ध मानकरी काठी टेकून पुढे बसले होते. आता त्यांचे गुडघे चालत नव्हते. तांबडा फेटा या वर्षी त्यांचा मुलगा बांधणार होता.

पालखीचे चित्र सुंदर होते. बाजूने पाहिलेली पालखी, वर छत्र, पुढे जवळच्या अंगाला तांबडा फेटा, त्यापलीकडे पिवळा. देवळापासून निघून ती पडद्यावर उजवीकडे गेली. बायकांनी हात जोडले. गावाच्या टोकाशी पोचून पालखी परत फिरली. चित्र फिरवून डावीकडे नेले असते तर पालखी उताणी झाली असती, छत्र खाली आणि माणसांचे पाय वर. म्हणून बाईंनी तिथे उलटवण्याची आज्ञा लावली होती. पालखी डौलात डावीकडे निघाली.

खालच्या वाडीतला एक तरुण मोठ्याने म्हणाला, "बघा, कम्पुटरला पन कळलं, उजवी बाजू खरी कुनाची."

काही क्षण कोणालाच उमगले नाही. मग सगळ्यांनाच उमगले. पालखी आता डावीकडे तोंड करून चालली होती. तांबडा फेटा अजून आपल्या जवळच्याच अंगाला होता, आणि ते अंग आता पालखीचे डावे होते. उजवीकडे पिवळा फेटा होता. त्या जुन्या शिमग्याला वळणावर झाले होते ते पडद्यावर पुन्हा झाले होते, आणि या खेपेला सगळ्या गावाने पाहिले होते.

वृद्ध मानकरी काठीवर भार देत उठले. "हाय तर मंग पालखी कम्पुटरलाच उचलू दे. आमची वाडी खांदा देनार नाय."

"तात्या, चित्रच हाय ते," मागून कोणीतरी म्हणाले.

"तवा पन तू हेच बोललास. गर्दीच हाय ती, म्हनालास."

माणसे उठू लागली. मी हात जोडून उभा राहिलो. परंतु माझ्या शब्दांना त्या वेळी वजन उरले नव्हते. समेटाला मी साक्षी होतो. तो मोडला तर पुढच्या पिढीत तरी पालखी उठेल की नाही, हे सांगता येत नव्हते.

बाई गर्दीतून वाट काढत मानकऱ्यांपाशी गेल्या. त्यांनी पिशवी उघडली आणि एक लिमलेटची गोळी त्यांच्या हातावर ठेवली.

"तात्या, चूक माझी. तुम्ही बरोबर पकडलीत. मी पालखी वळवली नाही, आरशात दाखवली. पोरांना वर्षानुवर्षं सांगते, की असं करू नका."

म्हातारबाबांनी हातातल्या गोळीकडे पाहिले. त्यांना बोलायचे पुष्कळ होते. परंतु समोरच्या बाईने गावासमोर चूक कबूल करून हातावर खाऊ ठेवला होता. काय करावे ते न सुचून त्यांनी गोळी तोंडात टाकली. तोंडात लिमलेट असताना रागाने बोलता येत नाही. त्या दोन-तीन मिनिटांच्या शांततेत बाईंनी आपले काम साधले.

"तुमच्या मुलाला इथं उभं करा. उजव्या अंगाला. आणि तुमचा माणूस डाव्या अंगाला," त्या खालच्या वाडीकडे वळून म्हणाल्या. "मधे पालखी आहे असं समजा. आता वळा."

दोघे समेटानंतर प्रथमच शेजारी उभे राहिले. एकमेकांकडे न बघता वळले.

"मला नीट दिसत नाही. मला वरून बघायचंय."

देवळाशेजारी समाजमंदिराची गच्ची होती आणि तिला बाहेरून लोखंडी शिडी. पन्नाशी ओलांडलेल्या बाईंनी दुपट्टा कमरेला खोचला आणि त्या शिडी चढू लागल्या. खाली कुजबुज झाली. "पडंल गो बाय," एक म्हातारी म्हणाली. "तिला नाय पडायची सवय," दुसरी म्हणाली, कशाच्या आधारावर ते देव जाणे.

गच्चीवरून बाईंचा आवाज आला. "आता खरी पालखी घ्या. रिकामी."

रिकामी पालखी आणली. चौघांनी खांदे दिले.

"वळा. थांबा. तात्या, वळताना खिळा कुठं असतो?"

"खिला कसला?"

"वळताना कोण जागचं हलत नाही?"

म्हातारबाबांनी गोळी गालात सारली. "आई हालत नाय. आमी तिच्याभोवती फिरतो. बापजाद्यांपासून तसंच. आई मधे, आमी भोवती."

बाईंनी वरून पालखीभोवती बोट फिरवून पाहिले. मग बाई म्हणाल्या, "हेच मला हवं होतं," आणि खाली उतरल्या.

परतीच्या बसमध्ये त्यांनी मला सारे समजावले. बाजूने पाहिलेल्या चित्राला परत फिरवणे म्हणजे एकतर उताणे करणे किंवा उलटवणे; तिसरा मार्ग नाही. वरून पाहिलेले चित्र मात्र कोणत्याही दिशेला नुसते फिरवता येते. त्यात डावे-उजवे बदलत नाही, आरसा लागत नाही. "पण वरून पालखी कोणी पाहिलेली नाही, गुरुजी. गावाला ती ओळखू येईल का?"

मी म्हणालो, "बाई, आई गावाकडे रोज वरूनच पाहते."

त्यांनी मान वळवली आणि त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

पुढचे दिवस बाईंनी शाळा सुटल्यावर संगणकासमोर काढले. वरून दिसणारी पालखी: मध्ये आईचे छत्र, पुढे तांबडे वर्तुळ आणि पिवळे वर्तुळ, मागे दोन पांढरी. फिरण्याचा मध्य त्यांनी चित्राच्या मापावरून काढला नाही. बरोबर छत्राच्या मधोमध ठेवला. बदल झाल्यावर त्या गावी जाऊन तात्यांच्या घरी बसल्या आणि त्यांनी तात्यांना ते एकट्याला दाखवले. तात्या काय म्हणाले, हे मी विचारले. "फेटा धुवायला टाका, एवढंच म्हणाले."

शिमग्याला पालखी निघाली. दुपारच्या उन्हात ढोल वाजत होते, आणि मी तिच्याबरोबर न जाता देवळापुढे पडद्याजवळ थांबलो, कारण तात्या तिथे बसले होते. पडद्यावर पालखीचे चित्र पुढे सरकत होते, आणि डोंगराच्या वळणामागून ढोलांचा आवाज येत होता. गावाच्या टोकाशी पालखी पोचली. ढोल थांबले. देवळापुढची सगळी माणसे पडद्याकडे पाहू लागली. रिकामी सतरंजी या खेपेला भरलेली होती.

पालखी छत्राभोवती सावकाश फिरली. तांबडे वर्तुळ पडद्यावर या बाजूचे त्या बाजूला गेले, पिवळे त्याच्यासमोरून फिरून आले, आणि पालखी देवळाकडे तोंड करून उभी राहिली. तांबडे तिच्या उजव्याच अंगाला होते.

तात्या काठीवर हनुवटी टेकून बघत होते. "आई वळली," ते म्हणाले. "मान आपल्या जागी हाय." मग मागे वळून खालच्या वाडीतल्या त्याच तरुणाला म्हणाले, "काय रे, कम्पुटर काय बोलतो?"

"कम्पुटरनं पन खांदा दिला, तात्या," तो म्हणाला, आणि दोन्ही बाजूंची माणसे हसली. वर ढोल पुन्हा सुरू झाले.

पालखी सहाणेवर विसावल्यावर मानाचे नारळ वाटले गेले. पहिला वरच्या वाडीचा, दुसरा खालच्या वाडीचा. तिसरा तात्यांनी स्वतः हातात घेतला आणि बाईंना बोलावून त्यांच्या ओंजळीत ठेवला. त्या गावात बाहेरच्या माणसाला मानाचा नारळ मिळाल्याचे मी ऐकलेले नाही. मलाही तो कधी मिळाला नव्हता, आणि त्या दिवशी तो बाईंच्या हातात पाहताना मला वाटला तेवढा अभिमान माझ्या हातात असता तर वाटला नसता.

बाईंनी नारळ न्याहाळला. "गुरुजी, शेंडी कुठल्या बाजूला धरायची?"

"देवीकडे."

त्यांनी शेंडी देवीकडे केली, मान झुकवून निरोप घेतला, आणि आम्ही महाडच्या बसमध्ये बसलो. आज बाई लग्न होऊन आखातात गेलेल्या लेकीकडे असतात आणि मी घरी जपजाप्य करतो. परंतु तो प्रवास मला अजून जसाच्या तसा दिसतो. बस नदीच्या कडेने वळणे घेत उतरत होती. बाईंच्या मांडीवर नारळ होता. बस डावीकडे वळली की बाई नारळ उजवीकडे वळवत. बस उजवीकडे वळली की डावीकडे. किती, ते त्या खिडकीतून डोंगराकडे पाहून ठरवत, आणि नारळ तेवढाच फिरे. वाहक तिकिटे देत आमच्यापाशी आला आणि थांबून बघत राहिला.

"मॅडम, नारळाला गाडी लागते का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "खिळा वर देवळात आहे."

महाडच्या आगारात आम्ही उतरलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. बाई रस्ता ओलांडून आपल्या घराकडे निघाल्या. मी मागे उभा राहून डोंगराची दिशा ताडून पाहिली. शेंडी अचूक तिकडे होती.